कॉम्प्युटरचा रेडिएटर गरम पाण्यानं धुताना

कस्टम वॉटर-कूलिंग म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या ब्लॉकमधून पंपानं पाणी फिरवायचं, ते रेडिएटरमध्ये गार करायचं, आणि हे सगळे भाग सुटे आणून स्वतः जोडायचे. ते जोडायला घेतलं की सगळं लक्ष ट्यूब आणि फिटिंगकडे जातं. ट्यूब मऊ घ्यायची की कडक, फिटिंग काळं की चंदेरी, कूलंट, म्हणजे आत फिरणारा द्रव, कोणत्या रंगाचं, यावर आठवडे जातात. रेडिएटर मात्र खोक्यातून निघतो तो सरळ केसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात, चढतो. नवा आहे, तोंडांना प्लॅस्टिकची बुचं आहेत, वरचा काळा रंग एकसारखा बसलाय, तेव्हा आतूनही तो स्वच्छच असणार असं आपण धरून चालतो. त्यात गरम पाणी भरून, थोडं हलवून, ते पांढऱ्या भांड्यात ओतलं की हा समज लगेच दूर होतो. पाणी राखाडी किंवा फिकट हिरवट येतं, वर फेस तरंगतो, आणि दोन मिनिटं तसंच ठेवलं की तळाशी काळे कण बसतात. टॉर्च मारला तर त्यात धातूचा चुरा चमकतो. धुतलं नसतं तर हा सगळा ऐवज पंपातून आणि ब्लॉकमधून फिरत राहिला असता.

धुण्याचा उपाय साधा आहे: गरम पाणी. पण ‘गरम पाणी भरा, बूच लावा, जोरात हलवा’ एवढंच ऐकून कुणी किटलीतलं उकळतं पाणी ओतून बूच आवळायला गेलं, तर हात भाजायला वेळ लागत नाही. म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. कडकडीत पाणी रेडिएटर उघडा ठेवून भिजवण्यासाठी वापरा, आणि बुचं लावून हलवताना हाताला सोसेल असं कोमटच पाणी घ्या. ही दोन कामं एकाच वेळी करू नका. असं का, आणि नेमकं कसं करायचं, ते पुढे बघू.

आत घाण येते कुठून

कस्टम लूपसाठी, म्हणजे पाणी फिरण्याच्या या बंद चक्रासाठी, मिळणारे बहुतेक चांगले रेडिएटर तांबं आणि पितळ यांचे असतात. दोन टोकांना पितळी टाक्या, त्यांच्यामधून जाणाऱ्या चपट्या नळ्या, आणि नळ्यांच्या मधल्या जागेत नागमोडी वळवलेल्या पातळ तांब्याच्या पट्ट्या, म्हणजे फिन्स. पाणी नळ्यांतून जातं, पंख्याची हवा फिन्समधून जाते. गाड्यांचे रेडिएटर कित्येक वर्षं असेच बनत आले. २००० सालाच्या आसपास, कॉम्प्युटरसाठी वेगळे रेडिएटर सहज मिळत नव्हते तेव्हा, अमेरिकेतले हौशी लोक जुन्या गाड्यांच्या केबिन हीटरचे छोटे रेडिएटर काढून वापरत. १९७७ च्या पॉन्टियाक बॉनव्हिल गाडीचा हीटर कोअर तर त्या मंडळींत फारच लोकप्रिय होता. आजचे रेडिएटर दिसायला देखणे झाले, पण आतली बांधणी फारशी बदललेली नाही.

या सगळ्या भागांचे जोड सोल्डरनं, म्हणजे वितळवून ओतलेल्या मिश्रधातूनं, भरलेले असतात. सोल्डर तांब्याला नीट धरावं म्हणून आधी फ्लक्स लावावा लागतो. तांब्या-पितळेच्या अशा जोडकामात झिंक क्लोराइड आणि अमोनियम क्लोराइड असलेले फ्लक्स पूर्वीपासून वापरतात. यातलं अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकून कथील फिरवायचा, तेव्हा पांढरा धूर उठायचा आणि कथील भांड्याला चिकटायचं. फ्लक्सही हेच करतो, धातूवरचा ऑक्साइडचा थर काढून सोल्डरला वाट करून देतो. फरक एवढाच की भांडं कल्हईनंतर लगेच धुतलं जायचं, आणि रेडिएटरच्या बंद पोटात उरलेला फ्लक्स बऱ्याचदा तिथेच सुकून राहतो. कारखान्यात धुतात, पण ते धुणं किती नीट झालंय हे नग बघितल्याशिवाय कळत नाही.

फ्लक्सखेरीज आत सोल्डरचे बारीक मणी असतात, आटे पाडताना निघालेला पितळेचा कीस असतो, बाहेर रंग मारताना तोंडातून आत गेलेले रंगाचे पापुद्रे असतात, आणि साधी धूळही असते.

एवढ्याशा घाणीनं काय बिघडतं

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आतून न धुतलेला रेडिएटर स्वतः उष्णता बाहेर टाकण्यात फारसा कमी पडत नाही. त्याच्या नळ्या काही मिलिमीटर रुंद असतात, थोडा चुरा त्यांना अडवू शकत नाही. खरा त्रास होतो तो प्रोसेसरवर बसणाऱ्या वॉटर ब्लॉकला. ब्लॉकच्या तांब्याच्या तळाला अतिशय बारीक खाचा कोरलेल्या असतात, मिलिमीटरच्या काही दशांशाएवढ्याच रुंद. सगळं पाणी त्या खाचांतून जातं. सोल्डरचा अर्ध्या मिलिमीटरचा मणी तिथे पोहोचला की खाचेच्या तोंडाशी बसतो, त्याच्यामागे रंगाचा पापुद्रा अडकतो, आणि हळूहळू एक गाळणी तयार होते. मग प्रोसेसरचं तापमान महिन्यागणिक वाढत जातं, आणि आपण थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्या मध्ये लावायचा उष्णतावाहक लेप) बदलत बसतो.

फ्लक्सचं दुखणं वेगळं. क्लोराइड पाण्यात उतरलं की ते आम्लधर्मी होतं आणि तांब्यावर, निकेलच्या मुलाम्यावर, पितळेतल्या जस्तावर काम करू लागतं. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं त्याच्याशी झगडण्यात संपतात, रंग फिका पडतो किंवा बदलतो. मऊ पीव्हीसी ट्यूब वापरली असेल तर तिच्यातून झिरपणारा प्लॅस्टिसायझर (ट्यूब मऊ ठेवणारं द्रव्य) आणि हा सगळा गाळ मिळून एक पांढुरका, चिकट लगदा बनतो. ब्लॉक उघडल्यावर खाचांवर साय धरल्यासारखा दिसणारा थर बहुधा तोच असतो.

म्हणजे रेडिएटर धुवायचा तो मुख्यतः ब्लॉक आणि पंप यांच्यासाठी.

गरमच पाणी का

फ्लक्समधली क्षारद्रव्यं थंड पाण्यातही विरघळतात, पण सुकून कडक झालेला थर गरम पाण्यात लवकर सुटतो आणि जास्त विरघळतो. सोल्डरिंगनंतर उरलेला तेलकट, राळेसारखा अंश गरमीनं मऊ होतो. गरम पाणी पातळही होतं, त्यामुळे अरुंद नळ्यांच्या कोपऱ्यांत ते सहज शिरतं. काही मिनिटं गरम पाण्यात भिजल्यावर जी घाण निघते, ती नुसत्या नळाच्या धारेखाली कितीही वेळ धरून निघत नाही.

सोल्डर वितळेल अशी भीती काहींना वाटते. ती सोडून द्या. कथील-शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंश सेल्सियसच्या आसपास वितळू लागतं, आणि उकळतं पाणी १०० च्या वर जात नाही. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला पाण्यानं तसं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते माणसाच्या हाताचं.

आता एक छोटा हिशेब, कारण पुढची सगळी पद्धत त्यावर उभी आहे. ३६० मिलिमीटरचा रेडिएटर, म्हणजे १२० चे तीन पंखे बसतील एवढा, साधारण एक किलो वजनाचा असतो. त्यात जाडीनुसार पाव लिटरच्या मागेपुढे पाणी मावतं. खोलीच्या तापमानाला, समजा २५ अंशांवर असलेल्या या रेडिएटरमध्ये तुम्ही ९० अंशांचं पाव लिटर पाणी ओतलं, तर त्या किलोभर धातूला तापवण्यातच पाण्याची बरीच उष्णता जाते आणि दोघं मिळून ७२ अंशांच्या आसपास येतात. अर्धाच भरला तर ६२ पर्यंत. वर रेडिएटरचं कामच पाणी थंड करणं, त्यामुळे पुढची उतरणही झपाट्यानं होते. म्हणून पहिल्या पाण्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. ते रेडिएटर तापवायला खर्च होतं. ते ओतून टाकून लगेच दुसरं भरलं की खरं भिजणं सुरू होतं. छताचा पंखा चालू असेल तर तो आधी बंद करा, आणि रेडिएटर जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा. एवढ्यानं पाणी बराच वेळ गरम राहतं आणि उकळत्या पाण्याचा अट्टहास करावा लागत नाही.

धोका कुठे आहे

पहिला धोका भाजण्याचा. ६० अंशांचं पाणी कातडीवर चारपाच सेकंद राहिलं तरी खोल भाजतं. ७० च्या वर गेलं की सेकंदभरही पुरतो. आणि तांबं उष्णतेचं इतकं चांगलं वाहक आहे की आत पाणी ओतलं की काही क्षणांत रेडिएटर सगळीकडून तापतो. धरायला सुरक्षित अशी जागाच उरत नाही. पातळ रबरी हातमोजे इथे कुचकामी, त्यांच्यातून उष्णता सरळ येते. वर जाड कापडी किंवा ओव्हनचे हातमोजे हवेत. पण कापडी मोजा गरम पाण्यानं भिजला तर तो कातडीला चिकटून आणखी भाजतो. म्हणून गरम पाणी ओतताना रेडिएटर हातात धरूच नये. तो बादलीत किंवा टबमध्ये टेकवून, तोंडं वर करून स्थिर उभा करावा आणि नरसाळ्यानं ओतावं.

दुसरा धोका दाबाचा, आणि तो बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. रेडिएटर अर्धा भरून बूच लावलं की आत हवा कोंडली जाते. ती हवा गरम पाण्यामुळे तापते आणि फुगू पाहते. शिवाय पाण्याची वाफ स्वतःचा दाब त्यात मिळवते. ९० अंशांना हे दोन्ही धरून आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ०.९ बारनं वाढू शकतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). आतलं पाणी स्थिर असलं तर हा दाब चढायला थोडा वेळ लागतो, पण रेडिएटर हलवायला लागलात की पाणी आणि हवा घुसळली जातात आणि दाब एकदम उसळतो. चांगला रेडिएटर हे सोसेलही. प्रश्न बुचाचा असतो. हातानं जेमतेम आवळलेलं, किंवा आत रबरी रिंग नीट न बसलेलं बूच अशा वेळी सुटलं, तर उकळत्या पाण्याची पिचकारी सरळ मनगटावर किंवा तोंडावर येते. प्लॅस्टिकची जी बुचं रेडिएटरसोबत येतात, ती वाहतुकीत धूळ जाऊ नये एवढ्यापुरतीच असतात. ती लावून कधीही हलवू नका. ‘G1/4’ या मापाच्या आट्याची, ओ-रिंग (गोल रबरी रिंग) असलेली धातूची बुचं वेगळी मिळतात, तीच वापरा.

हाच हिशेब ५० अंशांच्या पाण्यासाठी केला तर वाढलेला दाब ०.२ बारच्या आसपास भरतो. बूच सैल केलं की बारीकसा ‘फुस्स’ आवाज येतो आणि संपतं. ५० अंशांचं पाणी अंगावर उडालं तरी हात मागे घ्यायला वेळ मिळतो. म्हणूनच सुरुवातीला सांगितलं की भिजवताना कडक आणि उघडं, हलवताना कोमट आणि बंद. फ्लक्स सुटण्याचं काम भिजताना झालेलं असतं. हलवण्यानं फक्त सुटलेली घाण बाहेर काढायची असते, आणि त्याला उकळतं पाणी लागत नाही.

गरम रेडिएटर बूच लावून तसाच थंड होऊ देऊ नका. आतली वाफ विरली की आत पोकळी तयार होते, बूच घट्ट बसतं आणि पातळ भिंतींच्या नळ्यांवर उगाच ताण येतो. तसंच तापलेला रेडिएटर एकदम थंड नळाखाली धरू नये. काही रेडिएटरच्या टाक्या ॲक्रिलिकच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतात. त्यांना असा झटका मानवत नाही. त्यांच्यासाठी पाणी ५० अंशांच्या वर नेऊच नये.

प्रत्यक्ष धुताना

जागा निवडताना मोरी किंवा बाल्कनी बरी. स्वयंपाकघराचं सिंक टाळा. सोल्डरमध्ये शिसं असू शकतं, आणि ते पाणी जेवणाच्या भांड्यांजवळ नको. नरसाळं, बादली, पांढरं भांडं या कामासाठी वेगळीच ठेवा. लहान मुलं आणि मांजर-कुत्री त्या वेळी घरातल्या दुसऱ्या खोलीत असलेली बरी.

पाणी किटलीत किंवा पातेल्यात तापवा. गीझरचं चालेल का? सुरुवातीच्या एखाद्या धुण्याला चालेल, पण जुन्या गीझरच्या कॉइलवर क्षाराची खपली जमलेली असते आणि तिचे तुकडे पाण्यात येतात. घाण काढायला घेतलेल्या रेडिएटरमध्ये तीच भर नको. पाणी उकळलं तर गॅस बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. ७०-८० अंशांचं पाणी भिजवायला पुष्कळ झालं.

रेडिएटर टॉवेलात गुंडाळून बादलीत उभा करा, सगळी बुचं काढलेली, तोंडं वर. नरसाळ्यानं हळूहळू ओता. एका तोंडातून पाणी आत जाताना दुसऱ्यातून हवा बाहेर येते आणि तिच्यासोबत गरम पाण्याचे शिंतोडे उडतात, म्हणून तोंड वाकवून आत डोकावू नका. भरलं की मिनिटभरानं, जाड मोजे घालून, कडेला कलंडवून पांढऱ्या भांड्यात ओतून टाका. हे तापवण्याचं पाणी. लगेच दुसरं भरा आणि आता त्याला पंधरा-वीस मिनिटं तसंच सोडा. या वेळात हलवायचं नाही, बूच लावायचं नाही.

मग तेही ओता, आणि ते कसं निघतं ते नीट बघा. बऱ्याच वेळा पहिल्या दोन पाण्यांत फेस आणि रंग जास्त दिसतो. तो विरघळलेला फ्लक्स. कण कमी दिसतात, कारण ते अजून नळ्यांच्या तळाशी बसलेले असतात. त्यांच्यासाठी आता हलवणं. कोमट पाणी, हाताच्या मागच्या बाजूला आरामात सोसेल असं, अर्धं ते दोन-तृतीयांश भरा. पूर्ण भरलं तर आत पाणी हलायला जागाच राहत नाही आणि मेहनत वाया जाते. बुचं हातानं घट्ट लावा, पान्यानं आवळून आटे खराब करू नका. रेडिएटर दोन्ही हातांनी दोन टोकांना धरून लांबीच्या दिशेनं वरखाली करा. नळ्या लांबीच्या दिशेनंच जातात, त्यामुळे आडवं हलवण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं. जोर लावायची गरज नाही. एका टोकाचं पाणी दुसऱ्या टोकाला धडकल्याचा आवाज आला पाहिजे, एवढं पुरे. काही वेळ असं केल्यावर रेडिएटर उभा करा, बूच वरच्या बाजूला आणि तोंड स्वतःपासून लांब ठेवून हळूच अर्धा आटा सैल करा, हवा जाऊ द्या, मग पूर्ण काढा.

ओतताना पटकन ओता. हळू ओतलं की जड कण टाकीतच मागे राहतात. भांड्यावर पांढरा सुती रुमाल किंवा कॉफीचा गाळण कागद ताणून धरला तर काय काय निघालं ते स्पष्ट दिसतं. काळे पापुद्रे रंगाचे, पिवळी चमक पितळेच्या किसाची, आणि करडे गोल मणी सोल्डरचे. रुमाल दरवेळी धुऊन परत वापरा, म्हणजे घाण खरंच कमी होतेय का ते कळेल. किती वेळा करायचं याचा ठरलेला आकडा नाही. काही नग तीन-चार पाण्यांत साफ येतात, काही हट्टी असतात. रुमालावर काहीच उरत नाही आणि भांड्यात फेस धरत नाही, अशी दोन पाणी लागोपाठ आली की थांबावं. एखादा मणी शेवटपर्यंत आत खुळखुळत राहिला तर रेडिएटर उलटा धरून, वेगवेगळ्या तोंडांतून पाणी काढून बघा. टाकीच्या कोपऱ्यात अडकलेला कण बहुतेकदा तोंड बदललं की निघतो.

शेवटचं पाणी कोणतं

घाण काढायला नळाचं पाणी चालतं, पण ते आत राहू द्यायचं नसतं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड असतात. क्षाराचं जड पाणी तापवलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतो. किटलीच्या तळाला जमणारा पांढरा थर तोच. मुंबईत तलावाचं पाणी त्या मानानं मऊ येतं, मराठवाड्यात किंवा पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गरम धुण्यासाठीसुद्धा आरओचं पाणी वापरावं असं मला वाटतं.

शेवटची दोन-तीन पाणी मात्र डिस्टिल्डचीच हवीत. आरओचं पाणी त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण घरगुती मशीन पिण्याच्या चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम पाण्यात ठेवतं. इन्व्हर्टर बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचे पाच लिटरचे कॅन मिळतात. घेताना लेबल वाचा. त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये ठेवलेलं असतं.

घरात टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवणारं यंत्र, असेल, आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे असतो तसा, तर कामाचा आहे. डिस्टिल्ड पाण्याचं रीडिंग शून्याच्या जवळ असतं. तेच पाणी रेडिएटरमध्ये हलवून बाहेर काढल्यावर किती दाखवतं ते बघा. आकडा बराच वर गेला तर आत अजून क्षार किंवा फ्लक्स आहे. बाहेर येणाऱ्या पाण्याचं रीडिंग आत जाणाऱ्याच्या जवळ आलं की डोळ्यांना न दिसणारी घाणही गेली असं समजा. रुमालानं जे कळत नाही ते इथे कळतं.

कशाला हात लावायचा नाही

सगळ्यात आधी, तयार सीलबंद मिळणारे एआयओ (ऑल-इन-वन) कूलर. त्यांचे रेडिएटर बहुतेक अल्युमिनियमचे असतात, ब्लॉकचा तळ तांब्याचा. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की अल्युमिनियम झिजतं. ते रोखणारी द्रव्यं कारखान्यातच कूलंटमध्ये घातलेली असतात. तुम्ही उघडून साध्या पाण्यानं धुतलंत तर ते संरक्षण गेलं, आणि वॉरंटीही. त्यांना फक्त बाहेरून साफ करा. हातातला रेडिएटर कोणत्या धातूचा आहे याची खात्री नसेल तर कंपनीची माहिती बघा. चुंबकानं कळणार नाही, कारण तांबं, पितळ आणि अल्युमिनियम यांपैकी कशालाच ते चिकटत नाही.

दुसरं, गरम पाणी अख्ख्या लूपमधून पंपानं फिरवणं. हे कृपा करून करू नका. डी५ आणि डीडीसी या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पंपांसाठी पाण्याची मर्यादा साधारण ६० अंश धरतात. पीईटीजी या प्लॅस्टिकची कडक ट्यूब ८० अंशांच्या आसपास लोण्यासारखी होते, आणि त्याआधीच फिटिंगमध्ये सैल पडू लागते. शिवाय सुटलेली सगळी घाण सरळ ब्लॉकमध्ये जाते, जिथे ती जाऊ नये म्हणून आपण हा खटाटोप करतोय. रेडिएटर नेहमी सुटा काढूनच धुवावा.

तिसरं, व्हिनेगर आणि लिंबूसत्त्व. नव्या रेडिएटरला त्यांची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. गरम पाण्यानं फ्लक्स जातो. जुना रेडिएटर, ज्यात तांब्याचे हिरवे डाग धरलेत, त्याला पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर दहा-पंधरा मिनिटं लावता येतं. पण रात्रभर ठेवलं तर ते डागांबरोबर पितळेतलं जस्तही खातं. निकेलचा मुलामा आणि अल्युमिनियम यांच्या तर जवळही नेऊ नका. आम्ल काढल्यावर भरपूर पाणी, मग खायच्या सोड्याचं पातळ पाणी, मग परत भरपूर पाणी. सोडा घालताना बूच अजिबात लावायचं नाही. सोडा आणि उरलेलं आम्ल मिळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बंद रेडिएटरमध्ये त्याचा दाब चढतो. ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर कधीच नको. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, तो विषारी आहे.

भांड्यांचा साबण आतून वापरू नये. त्याचा फेस धुऊन धुऊन जात नाही आणि नंतर पंप चालू केल्यावर लूपच्या पाण्याच्या टाकीत परत येतो.

जुन्या रेडिएटरचं पाणी आणि बाहेरच्या फिन्स

वापरातला रेडिएटर धुताना आधी जुनं कूलंट पूर्ण काढा आणि बाटलीत बंद करून ठेवा. त्यात बऱ्याचदा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर असतं, मांजरं-कुत्री ते चाटतात, आणि ते त्यांच्यासाठी आणि मुलांसाठी जीवघेणं आहे. कुंडीत, अंगणात ओतू नका. पेस्टल रंगाच्या कूलंटमधले रंगकण नळ्यांत खाली बसतात आणि नव्या रेडिएटरच्या घाणीपेक्षा चिवट असतात. तिथे भिजवण्याची वेळ वाढवा, पाणी जास्त तापवून उपयोग होत नाही.

बाहेरच्या फिन्सचं थोडक्यात सांगतो, कारण तापमानावर खरा परिणाम त्यांचाच होतो. पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. नागपुरात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा कूलंट ५० च्या घरात जातं आणि पंपाची मर्यादा फार लांब राहत नाही. अशा वेळी फिन्समध्ये अडकलेल्या धुळीची चादर परवडत नाही. मऊ ब्रशनं फिन्सच्या दिशेनंच झाडा, आडवं नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. रेडिएटर केसमधून काढलेला असेल, बुचं लावलेली असतील, तर कोमट पाण्याची सौम्य धार फिन्समधून उलट्या बाजूनं सोडता येते. इथे साबणाचा एखादा थेंब चालतो. प्रेशर वॉशर नको. तांब्याच्या त्या पट्ट्या नखानंही वाकतात.

बसवण्याआधी

धुतलेला रेडिएटर तोंडं खाली करून रात्रभर निथळत ठेवा. आत डिस्टिल्डचे थेंब उरले तर काही बिघडत नाही. ते वाळवायला हॉट एअर गन किंवा ओव्हन नको. लगेच बसवणार नसाल तर बुचं लावून ठेवा. फिन्स मात्र पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय केसमध्ये नेऊ नका. पंखे लावताना स्क्रूची लांबी मोजा. काही रेडिएटरमध्ये स्क्रूच्या भोकाच्या मागे थेट नळी असते, आणि एक-दोन मिलिमीटर लांब स्क्रू इतकी मेहनत घेऊन धुतलेल्या रेडिएटरला भोक पाडतो.

लूप भरल्यावर पहिले काही दिवस साधं डिस्टिल्ड पाणीच फिरवा, रंगीत कूलंट नंतर. मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप चालवा, जोडांखाली टिश्यू पेपर ठेवा. लूपमध्ये गाळणी लावली असेल तर ती एकदा उघडून बघा. तिच्यात नवे कण दिसले किंवा पाणी गढूळ झालं, तर ते पाणी काढून टाका आणि परत डिस्टिल्ड भरा. गाळणी कोरी निघाली की मग कूलंट ओतायला हरकत नाही.